प्रतिसाद: देवाला विचारलेले घरगुती प्रश्न

वर एकांनी म्हटलंय, की ग्रीकांचे देव पुराणकथांपुरतेच होते, रोजच्या जगण्याशी त्यांचा संबंध नव्हता. मला हे अजिबात पटत नाही. वायव्य ग्रीसमधल्या डोडोनाला लोक देवराज झ्यूस आणि त्याची जोडीदार देवी डायोनी यांच्याकडे कौल मागायला जात. शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न कोरायचा, पट्टी गुंडाळायची. अशा हजारो पट्ट्या सापडल्यात. त्यात एक आगिस विचारतो: हरवलेली पांघरुणं आणि उशा बाहेरच्या कुणी चोरल्या का? दुसऱ्याला मेंढ्या पाळणं फायद्याचं ठरेल का, हे हवंय. लायसानियासचा प्रश्न तर काळजात घुसतो: अन्न्युलाच्या पोटातलं मूल माझं नाही का? ग्रीक महाकवी होमरइतक्याच आस्थेनं या पट्ट्या वाचायला हव्यात. माणसं देवाशी प्रत्यक्ष काय बोलत, ते इथे त्यांच्याच शब्दांत आहे.