कारण न्याय्य, म्हणून हल्लाही न्याय्य?

रानवाट: २९ ऑगस्ट २०२१, काबूल. मदतसंस्थेत काम करणारा एक माणूस गाडीत पाण्याचे कॅन ठेवतो. अमेरिकी ड्रोनमधून पाहणाऱ्यांना ती स्फोटकं वाटतात. गाडी घराच्या अंगणात शिरते आणि वरून क्षेपणास्त्र येतं. १० माणसं गेली, त्यातली ७ लहान मुलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने चूक कबूल केली. शिक्षा कुणालाच नाही. तीनच दिवस आधी विमानतळावर भीषण आत्मघाती स्फोट झाला होता, म्हणजे भीती खोटी नव्हती. पण लढायला सबळ कारण आहे म्हणून कसंही लढावं, हे मला मान्य नाही.

साक्षेपी: संताप पटतो, पण दुसरी बाजूही बघा. १९९४ मध्ये रवांडात लाखो माणसं कापली जात असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. हात न उचलण्याचाही जाब द्यावा लागतो. आणि ड्रोन तासन्‌तास नजर ठेवू शकतो, तोफेच्या गोळ्याला ते जमत नाही.

रानवाट: त्या गाडीवर सुमारे आठ तास नजर होती हो! मनात आधीच संशय पक्का झाला की प्रत्येक कॅन बॉम्बच दिसतो. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे युद्धात नागरिकांना वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, स्पष्ट लिहिलंय: शंका असेल तर माणूस नागरिकच धरायचा. अमेरिकेने तो अजून मंजूर केलेला नाही.

मध्यमा: आणि शत्रू मुद्दाम वस्तीत लपला तर? नियम पाळणाराच मरणार.

रानवाट: त्याचंही उत्तर तिथेच आहे. त्याने नियम मोडले म्हणून तुमची जबाबदारी सुटत नाही. लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल, तर हल्ला करायचा नाही.

साक्षेपी: अवाजवी म्हणजे किती? एका म्होरक्यासाठी दोन जीव चालतील, वीस नाही? आकडा कुठेच लिहिलेला नाही. शंकेचा फायदा नागरिकाला, हे मी मानतो. पण तेवढं थांबण्यात जो सैनिक मरेल, त्याच्या आईला काय सांगाल? सैनिकाने धोका स्वतःहून पत्करलाय म्हणू नका, सक्तीने भरती केलेली पोरंही असतात.

रानवाट: त्या पोरांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. आकड्याबद्दलही नाही. पण काबूलची ती गाडी विमानतळाच्या दाराशी नव्हती, अंगणात उभी होती. तिथे थांबता आलं असतं.