डी-१८ देऊन भुसावळची यामाहा घ्यावी का?

प्रेषक: बंटी (पाचोरा)

मंडळी नमस्कार,

एप्रिलअखेर आम्ही हा देश सोडून जळगावला परत निघालोय हे माईंनी पॉटलकला जाहीर करून टाकलंच आहे, ते पुन्हा सांगत नाही. प्रश्न गिटारचा आहे. आप्पांनी परवा पार्किंगमध्ये विषय काढला. माझी मार्टिन डी-१८ त्यांनी ठेवून घ्यायची आणि त्यांची भुसावळला बहिणीकडे पडून असलेली यामाहा एफजी-१८० मी तिकडे पोचलो की उचलायची. विमानात काहीच न्यायला नको. वरून आप्पा काही रक्कम देतील. ती आमची आम्ही ठरवू, त्यावर इथे कीस पाडू नका.

डी-१८वर माझा जीव आहे. पण जळगावच्या घरात मे महिन्यात तिचं काय होईल याची धास्ती वाटते. आणि ती यामाहा मी पाहिलेलीही नाही, वाजवणं दूरच. कोणी पाहिली आहे का? नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची, काय अवस्था? आप्पा म्हणतात "एकदम कडक", पण आप्पा सगळ्यालाच एकदम कडक म्हणतात.

गुरुवारपर्यंत सांगा, सामानवाल्याला यादी द्यायची आहे.

प्रेषक: नाना (सावदा)

काय भो बंटी, सोनं देऊन पितळ घेतो का? डी-१८चा टॉप, म्हणजे पुढची फळी, सॉलिड (अखंड लाकडाचा) स्प्रूस, पाठ आणि बाजू सॉलिड महोगनी. एफजी-१८० म्हणजे बठ्ठं प्लायवूड. १९६६ साली निघाली तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून खपली, आणि आता आतलं लाल लेबल बघून लोक वेडे होतात. हार्ड केस घे, केबिनमध्ये चढव, विषय संपला.

आणि आप्पाला डी-१८ कशाला पाहिजे ते कोणी विचारलं का?

प्रेषक: खजिनदार

मंडळाच्या लिस्टवर वस्तूंची खरेदी-विक्री आधी सचिवांना कळवून मगच टाकायची असं फ्रिजच्या प्रकरणानंतर ठरलं होतं. अदलाबदल हीसुद्धा विक्रीच.

दुसरं, डी-१८मधला पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरला पोचवणारा) मंडळाच्या पैशातून घेतलेला आहे, गणपतीच्या ऑर्केस्ट्रासाठी. वहीत नोंद आहे. गिटार कोणाकडेही जावो, पिकअप मंडळाचा.

प्रेषक: अक्का (धुळे)

फ्रिजचं प्रकरण पुन्हा उकरून काढायची काही गरज नव्हती. आमच्याकडून निघाला तेव्हा फ्रिज चालू होता. ज्यांनी नेला त्यांनी तो व्हॅनमध्ये आडवा घातला आणि उतरवल्या उतरवल्या बटण दाबलं. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

प्रेषक: मास्तर (अमळनेर)

नाना किमतीचं बोलताहेत, बंटी हवेबद्दल विचारतोय.

सॉलिड टॉप म्हणजे जेमतेम ३ मिमी जाडीची फळी. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याबरोबर रेषांच्या आडव्या अंगाला फुगतं आणि आकसतं. कारखान्यात ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखून गिटार बनवतात आणि गिऱ्हाइकालाही तेवढीच राखायला सांगतात. आता जळगावचा मे आठवा. दुपारी ४४-४५ डिग्री, सकाळी गच्चीवर घातलेले बिबडे संध्याकाळी कडकडीत. अशा हवेत टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, लागून करकरतात, फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटांची टोकं बोटाला टोचतात, आणि नशीब फुटकं असेल तर ब्रिजपाशी, म्हणजे तारा टॉपला अडकवतात तिथे, चीर जाते.

तुम्ही म्हणाल, इथेही हिवाळ्यात हीटरने हवा कोरडीच होते. होते, पण महिनोन्‌महिने एकसारखी कोरडी. केसमध्ये ह्युमिडिफायर टाकला की भागतं. तिकडे खरा वैरी कूलर. दुपारभर ओली हवा खोलीत फेकतो, मग लाइट जाते, आणि तासाभरात खोली पुन्हा कोरडी ठणठणीत. लाकूड दिवसातून दोन-दोनदा वर-खाली. जुलैत पाऊस लागला की सगळं उलट, टॉप फुगतो आणि तारा उंच होतात. डी-१८ तिकडे राहूच शकत नाही असं नाही. केसमध्ये बंद, आत आर्द्रतामापक, वाजवली की लगेच आत, कूलरच्या खोलीत मुळीच नाही. बंटीला मी ओळखतो. तो ती सोफ्यावर टाकून चहा घ्यायला जाणार.

प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एक आकसायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. आवाज थोडा बंद निघतो, पण टॉप जागचा हलत नाही.

मात्र नेक ती नेकच. ०.०१२च्या संचाचा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) ताण ७० किलोच्या वर असतो आणि तो वर्षानुवर्षं ओढत राहतो. नेकचा कोन पुढे झुकला की तारा उंच होतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पिळून ते जात नाही, त्याने नेकचा बाक निघतो, कोन नाही. म्हणून दोन गोष्टी तपासून घे. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार फ्रेटपासून किती वर आहे ते मोजायला सांग, अडीच मिमीच्या आसपास चांगलं. मग सरळ पट्टी फ्रेटांवर नेकच्या लांबीत ठेवून ब्रिजपर्यंत सरकवायची. ब्रिजच्या माथ्यावर आली तर उत्तम. ब्रिजच्या अंगावर खाली कुठे आदळली तर नेक काढून नव्याने बसवणं आलं, आणि त्या कामाला भुसावळहून मुंबई-पुणं गाठावं लागेल. हे कळेपर्यंत हो म्हणू नकोस.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

शिफ्ट होती, आत्ता वाचतोय. वस्तू कडक असली तरच मी कडक म्हणतो.

ही गिटार माझ्या मोठ्या भावाची. तो मर्चंट नेव्हीत होता, जपानहून आणली. आतल्या लाल लेबलवर निप्पॉन गक्की, म्हणजे यामाहा कंपनीचं तेव्हाचं नाव, छापलेलं आहे, कोणालाही दाखवीन. रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की पायरीवर बसून वाजवायचे. त्यांनी भावाला कॉर्ड शिकवले, भावाने मला. पुढे कानबाईच्या जागरणाला मी ही गिटार घेऊन बसायचो. बाया गाणं कुठल्या पट्टीत उचलतील याचा नेम नाही, मी आपला कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) सरकवत त्यांच्यामागे. दोन कॉर्डांत अख्खी रात्र निघायची आणि एकही बाई म्हणाली नाही की तिसरा वाजव.

तेव्हापासून ती बहिणीकडे कपाटावर आहे, वरच्या पत्र्याच्या खोलीत. भुसावळचा उन्हाळा पत्र्याखाली काय असतो ते नानांना ठाऊक आहे. टॉपला एक चीर नाही. भाच्याला मापं घ्यायला सांगितलंय.

नाना, मला डी-१८ वाजवायला पाहिजे.

प्रेषक: नाना (सावदा)

वाजव ना भो, कोण नाही म्हणतंय.

बंटी, एक राहिलं. न्यायचीच ठरवलीस तर लाकडाचे कागद बघ. माझ्या साडूच्या गिटारला शिसवीची पाठ होती, तर परवान्याचं केवढं लचांड झालं होतं.

प्रेषक: मास्तर (अमळनेर)

ते जुनं झालं. २ जानेवारी २०१७पासून शिसवीच्या जातीची सगळी झाडं साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आली, तेव्हा तयार गिटारी सीमेपलीकडे विकायला-पाठवायलाही कागद लागायचे. २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. त्याच जातीतल्या ब्राझिलियन रोझवूडचं वेगळं, ते १९९२पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि आजही तसंच. बंटीची पाठ महोगनीची. तिथे निर्बंध ओंडके, फळ्या, प्लायवूड यांवर आहेत, गिटारवर नाहीत.

प्रेषक: अक्का (धुळे)

लाकडाचा विषय निघालाच आहे तर, भरताच्या हिरव्या वांग्यांचं बी कोणी आणून देईल का? इथली वांगी भाजली की नुसतं पाणी सुटतं.

प्रेषक: नाना (सावदा)

अक्का, बी आणायचं नाव काढू नका. विमानतळावर पिशवी उघडून बठ्ठं काढून घेतात, वर दंड. बंटी, कळण्याचं पीठ मात्र आणता येतं, येताना बघ.

प्रेषक: बंटी (पाचोरा)

नाना, मी चाललोय, येत नाहीये.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

भाच्याचं माप आलं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर! म्हटलं होतं ना, एकदम कडक.

प्रेषक: मास्तर (अमळनेर)

अर्ध्या मिलिमीटरवर स्टीलच्या तारेची गिटार वाजतच नाही, सगळ्या फ्रेटांवर तार फडफडेल. पुन्हा मोजायला सांगा.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

पुन्हा मोजलं, तेवढंच. फोटोही पाठवलाय. मास्तर, पोरगं पॉलिटेक्निकला आहे, त्याला मोजता येतं.

प्रेषक: माई (फैजपूर)

फोटो मी पाहिला. पट्टी कंपासपेटीतली आहे आणि फ्रेटवर उभी टेकवलेली आहे. त्या पट्टीचा शून्य कडेला नसतो, खाली कोरी जागा सोडलेली असते. फोटोत ती साफ दिसतेय. ती जागा ह्या मापात धरलेलीच नाही. आयुष्यभर पाचवीच्या मुलांना हेच सांगत आले.

प्रेषक: मास्तर (अमळनेर)

माई, दंडवत.

पट्टी राहू द्या. एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं, जगभर एकच माप. नक्षीदार उठाव नसलेली सपाट कार्डं घ्यायची. एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सरकवायची, तार उचलायला लागली की थांबायचं. आणि सॅडलचं हाड (ज्यावर तारा टेकतात) ब्रिजच्या वर किती दिसतंय तेही बघायला सांगा.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

घरात एवढी कार्डं नव्हती, शेजारच्यांची मागून आणली. चार कार्डं गेली, पाचव्याने तार उचलली. मोठी पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या किंचित खाली टेकते. हाड वर जेमतेम २ मिमी.

प्रेषक: मास्तर (अमळनेर)

म्हणजे तार ३ ते ३.८ मिमीच्या मधे. उंच आहे, पण वाजवता येईल. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायचा तर हाड २ मिमी घासावं लागतं, आणि शिल्लकच तेवढं आहे. सगळं घासलं तर तारेला ब्रिजवर कोन राहणार नाही, आवाज मरेल. अर्धा मिमी घास, त्यापुढे हात लावू नकोस. ०.०११चा संच लाव, अर्धा सूर खाली उतरवून ठेव, गरज पडेल तिथे कॅपो. नेक गेलेली नाही, पण त्या वाटेवर आहे. वरची रक्कम ठरवताना हे धरा. तूच कीस पाडू नका म्हणालास, म्हणून आकडा लिहीत नाही.

प्रेषक: नाना (सावदा)

मी लिहितो. एवढी उंच तार असेल तर आप्पाने वरून डी-१८च्या निम्म्या किमतीइतके तरी द्यावेत.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

नाना, तुमचं माझं फोनवर बोलू.

प्रेषक: बंटी (पाचोरा)

ठरलं. अदलाबदल करतोय. रक्कमही ठरली, नानांना कळवणार नाही.

काल रात्री डी-१८ केसमधून काढली आणि बाबांच्या घरात ती कुठे ठेवेन ते डोळ्यांपुढे आणून बघितलं. खाली हॉलमध्ये कूलर. वरच्या खोलीवर पत्रे. देवघरात आई ठेवू देणार नाही. उरली माझी खोली, तिची खिडकी पश्चिमेला. तिकडे गेल्यावर मला संध्याकाळी ओट्यावर बसून चार गाणी वाजवायची आहेत, आर्द्रतेची पहारेदारी करायची नाही. आणि आप्पा डी-१८ बेसमेंटमध्ये नीट सांभाळतील. मास्तर, तुम्ही लक्ष ठेवा.

भुसावळला पोचलो की पहिले तारा बदलीन. आप्पा, कपाटावरून खाली काढायला सांगा आणि तोवर तारा सैल करून ठेवायला सांगा.

खजिनदार, पिकअप काढून देतो. शनिवारी हॉलवर आहात का?

प्रेषक: खजिनदार

शनिवारी साडेदहा ते बारा. पावती तयार ठेवतो. तारेसकट आणि जॅकसकट द्यावा, नोंद तशी आहे.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

थांबा. जॅक काढला की डी-१८च्या बुडाला १२ मिमीचं भोक राहणार. मूळ गिटारला ते नव्हतं, पिकअप बसवताना पाडलं. आता ते कोण बुजवणार? साधी पट्ट्याची खुंटी त्यात बसत नाही.

प्रेषक: खजिनदार

भोकाची नोंद वहीत नाही.

प्रेषक: अक्का (धुळे)

पिकअप आहे तिथेच राहू द्या आणि मंडळाच्या कार्यक्रमांना आप्पांनी फुकट वाजवावं. नाहीतरी पाडव्याला गिटारवर आता दुसरं आहे कोण?

प्रेषक: खजिनदार

हे कार्यकारिणीत ठेवावं लागेल. आणि आप्पांना किती कॉर्ड येतात तेही.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

शनिवारी साडेदहाला येतो. गिटार घेऊन.