सोलर बरण्या तासाभरात विझतायत, दिवाळीच्या आत मदत हवी आहे

गॅलरीबाग

नमस्कार मंडळी. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांचे सोलर दिवे केलेत, ते रुसलेत. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध रिमोटचे सेल बदलण्यापुरताच, तेव्हा जरा समजेल असं सांगा.

बागेत मातीत खोचायचे प्लास्टिकचे सोलर दिवे मिळतात ना, त्यांची दांडी काढून टाकली. वरची चकती (वर पॅनल, आत सेल, खाली एलईडी) रुंद तोंडाच्या बरणीवर झाकणासारखी बसते. कडेने सिलिकॉन लावलं. बरणीत आतून पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये खायचा पिवळा रंग घालून फिरवला आणि बरणी पालथी ठेवून वाळवली. उजेड छान धूसर, केशरटलेला पडतो.

मे महिन्यात केल्या तेव्हा निजानीज होईपर्यंत चालायच्या. पावसाळ्यात कपाटात ठेवल्या. आता परत गॅलरीत मांडल्यात, तर साडेसहाला लागतात आणि साडेसातला मान टाकतात. सेल नवे घातले, तरी तेच. एक आकाशकंदिलाखाली टांगलीय, ती तर लागतच नाही. पॅनल बिघडली असतील का? पाहुणे यायच्या आत काही करता येईल का?

तांब्याची_तार

ताई, आधी दोन-तीन गोष्टी सांगा. गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? नवे सेल घातलेत म्हणता, ते कुठले? आणि कंदिलात बल्ब आहे का?

डबल_चहा

मे महिन्यातलं ऊन आणि आत्ताचं ऊन यात फरक नको का! सूर्यालाही दिवाळीची सुट्टी असते.

गॅलरीबाग

तार, गॅलरी उत्तरेला आहे. पुण्यात, तिसरा मजला, वर चौथ्याची गॅलरी. सेलवर १.२ व्होल्ट, ६०० एमएएच, निकेल मेटल हायड्राइड असं लिहिलंय, दुकानदाराने तेच दिले. कंदिलात बल्ब आहे, संध्याकाळी दिवे लागले की लावतो.

तांब्याची_तार

मग पॅनल बहुतेक ठणठणीत आहेत. सेलही बरोबर आहेत, निकेल मेटल हायड्राइड म्हणजे परत परत चार्ज होणारे. डबल_चहा चेष्टेत म्हणाले ते खरं निघालं.

मे महिन्यात सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि वायव्येच्या बाजूला मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेला की तुमच्या गॅलरीत थेट उन्हाची एक तिरीपही येणार नाही, ती पार मार्चपर्यंत. आपल्याला उजेड भरपूर वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. पॅनल घेत नाही. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, मोकळ्या सावलीत त्याचा दहावा हिस्सा, आणि वर छत असेल तर त्याहून कमी.

आता हिशेब बघा. अशा चकतीवरचं पॅनल उन्हात ४० मिलीअँपिअर देतं असं धरू. चार-पाच तास ऊन मिळालं तर १६० ते २०० एमएएच (मिलीअँपिअर गुणिले तास, म्हणजे सेलमध्ये साठलेली वीज) आत गेले. सेल त्यातले सत्तर टक्के परत देतो. एलईडीचं सर्किट ३० मिलीअँपिअर ओढत असेल तर साधारण चार तास निघतात. सावलीत तेच पॅनल ४ मिलीअँपिअर देतं. दिवसभरात, दहा तास धरले तर, ४० एमएएच, हाती आले २८. म्हणजे एक तास! साडेसहा ते साडेसात, तुम्ही लिहिलंय तसंच.

खात्री करायची असेल तर एक बरणी दिवसभर गच्चीवर ठेवा आणि संध्याकाळी खाली आणा. ती जेवणं होईपर्यंत टिकली तर विषय संपला.

कंदिलाखालचीचं कारण वेगळं. या दिव्यांत उजेड ओळखायला वेगळा सेन्सर नसतो, पॅनलच ते काम करतं. आत चार पायांची एक छोटी आयसी, म्हणजे चिप, असते. पॅनलचा व्होल्टेज पडला की ती समजते अंधार झाला, आणि सेलचे १.२ व्होल्ट वाढवून एलईडीला लागणाऱ्या तीनेक व्होल्टपर्यंत नेते. तुमच्या कंदिलाचा उजेड वरून पॅनलवर पडतोय, म्हणून त्या बरणीला अजून संध्याकाळच झालेली नाही. हाताने पॅनल झाका, लगेच लागेल.

गॅलरीबाग

झाकून बघितलं, लागली! म्हणजे कंदिलापासून लांब टांगायची. पण उन्हाचं काय करू? दक्षिणेला फक्त स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिथे बरण्या ठेवून शोभा कोण बघणार? रोज गच्चीवर ने-आण करायला घरचे तयार नाहीत.

ऊनसावली

माझीही उत्तरेची गॅलरी आहे. मी पॅनल चकतीतून सोडवून वेगळं केलं आणि खिडकीबाहेर ग्रिलला बांधलं. तिथून बारीक दोन पदरी तार घरातून गॅलरीतल्या बरणीपर्यंत नेली. पॅनल काचेच्या आत ठेवू नका, बाहेरच हवं. लाल-काळी तार उलटसुलट होऊ देऊ नका.

तांब्याची_तार

बरोबर. दहा मीटर तार असली तरी इतक्या कमी करंटला काही फरक पडत नाही. पॅनल सपाट न ठेवता दक्षिणेकडे तोंड करून तीसेक अंश कलतं बांधा. ऑक्टोबरअखेर पुण्यात दुपारचा सूर्य साधारण साठ अंशांवर असतो, तेव्हा ऊन सरळ पडेल. मात्र अंधारसुद्धा आता खिडकीतलं पॅनलच ओळखणार. शेजारच्या इमारतीचा हॅलोजन रात्रभर त्या खिडकीवर येत असेल तर पंचाईत.

डबल_चहा

एवढा खटाटोप चार दिवसांसाठी? सेल काढून भिंतीवरच्या चार्जरला लावा, भरले की परत घाला. मी तेच करतो. मग त्याला सोलर म्हणायचं की नाही ते पाहुण्यांवर सोडा.

तांब्याची_तार

दिवाळीपुरता हाच सगळ्यात सोपा उपाय आहे, मान्य. फक्त चार्जर निकेल मेटल हायड्राइडचा हवा. आणि घाईत कोणी घड्याळातले साधे सेल घालू नका. पहिले दोन दिवस मस्त चालतात, पण ते चार्ज करायचे नसतात. पॅनल रोज करंट ढकलत राहतं, सेल गळतो आणि पत्र्यांवर चरचरीत थर चढतो.

गॅलरीबाग

चार्जर शेजारच्या काकूंकडे आहे, कॅमेऱ्याच्या सेलचा. पण सेल काढायचे कसे? चकती सिलिकॉनने चिकटलीय, आणि सेलचा स्क्रू चकतीच्या खालच्या बाजूला, म्हणजे बरणीच्या आत.

ऊनसावली

कटरचं ब्लेड काचेला लागून गोल फिरवा, सिलिकॉन सोलून निघतं. परत बसवताना सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ कडी कापून बरणीच्या तोंडावर चढवा. चकती घट्ट बसते आणि हवी तेव्हा निघते. आतला पिवळा थर मात्र जपा, फेव्हिकॉल पाण्याने सुटतो. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी तळाशी टाकली तर काचेवर आतून वाफही धरत नाही.

गॅलरीबाग

एक निघाली, ब्लेडने खरंच सहज निघाली. सेलच्या पत्र्यावर थोडा हिरवट थर दिसतोय, तो कशाने काढू?

तांब्याची_तार

सेल काढून ठेवा. कान कोरायच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून घासा, मग ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यानंतर बारीक पॉलिश पेपरचा एक हात. वायर पत्र्यापासून सुटली असेल तर फोटो टाका, सोल्डरचा डाग कुठे द्यायचा ते सांगतो.