काडी मोडलेलं रॉकेट: नीट करून उडवायचं की बादलीत बुडवायचं?

कामटी_आणि_दोरा
दिवाळीतली आठ रॉकेटं तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती. परवा माळ्यावरून खोका काढला तर पाचांच्या काड्या मोडलेल्या, दोन नळ्यांना पोचे आलेले आणि एकीच्या कागदावर ओल लागून पांढरट डाग. पोचेवाली आणि ओलवाली अशी तिन्ही रॉकेटं पाण्यात जाणार, त्याबद्दल वाद नाही. काडी मोडलेली पाच मात्र फेकून द्यायला मी तयार नाही.

काडीत दारू नसते. ती साधी बांबूची कामटी. आकाशकंदील केला तेव्हाच्या कामट्या घरात होत्याच. शेजाऱ्यांकडून तसल्याच खोक्यातलं धड रॉकेट मोजमापाला आणलं, त्याच्या काडीइतक्या लांबीच्या आणि जाडीच्या कामट्या तासल्या आणि जुन्या काडीच्या जागी दोऱ्याने घट्ट बांधल्या. मग धड रॉकेट आणि दुरुस्त केलेलं रॉकेट आळीपाळीने बोटावर तोलून पाहिलं. तोल दोन्हींचा सारख्याच ठिकाणी, नळीच्या तोंडाच्या जरा खाली. काल दोन उडवून पाहिली, सरळ वर गेली. माझं म्हणणं एवढंच: काडी बदलता येते, नळीला हात लावायचा नाही.

भाजलेल्यांच्या_वॉर्डातून
मी परिचारिका आहे. अकरा दिवाळ्या भाजलेल्यांच्या वॉर्डात काढल्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. काडी एकटी मोडत नाही. ज्या दणक्याने काडी मोडली तोच दणका नळीलाही बसलेला असतो. आत दाबून भरलेल्या दारूला तडा गेला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. कागद धड दिसतो आणि तुम्ही निर्धास्त होऊन वात पेटवता.

एक तेरा वर्षांचा मुलगा आठवतो. मोडलेल्या काडीला चिकटपट्टी लावून दिलेलं रॉकेट छातीच्या उंचीवर फिरलं आणि त्याच्या शर्टात शिरलं. शर्ट टेरिकॉटचा, तो वितळून कातडीला चिकटला. ड्रेसिंगच्या वेळी तो आईचा हात धरायचा नाही, पलंगाचा गज धरायचा. वीस-तीस रुपयांच्या वस्तूसाठी हा हिशोब मला कधीच जुळवता आला नाही. काडी मोडलेली उरलेली तिन्ही रॉकेटंही पाण्यात टाका.

शाळेतला_प्रयोग
मी विज्ञान शिकवतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण काडी नेमकं काय करते ते आधी पाहू. शेपटीकडच्या लांब काडीवर हवा दाब देते, म्हणून रॉकेट कलू लागलं की काडीच त्याला पुन्हा रेषेत आणते. काडी अर्धी मोडली की तोल पुढे नळीत सरकतो आणि मागे धरून ठेवणारं काही उरत नाही. मग ते गिरकी घेतं. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर टिपूचे लोखंडी नळीचे बाण, म्हणजे रॉकेटंच, इंग्रजांनी इंग्लंडला नेले, त्यावरून विल्यम काँग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने आपली रॉकेटं बनवली, तरी लांब काडी सुटली नाही. १८४४ मध्ये विल्यम हेलने बिनकाडीचं रॉकेट केलं, पण त्यासाठी ते स्वतःभोवती फिरवावं लागलं.

चिकटपट्टीचा प्रकार मात्र सर्वांनीच बंद करावा. तुटलेले दोन तुकडे जोडले की सांध्यावर गाठ येते, ती बाटलीच्या तोंडात अडकते आणि रॉकेट जागेवरच फुटतं. त्यात बाटली काचेची असेल तर काचा उडतात. काडी बदलायची तर अख्खी बदला. जुनी काडी डिंकाने चिकटवलेली असेल आणि ओढताना नळीचा कागद जरासा जरी सोलला गेला, तर ते रॉकेट तिथेच बाद. बाटलीऐवजी वाळू भरलेल्या बादलीत उभा पाईप रोवा. काडी त्यातून सहज वर-खाली सरकली पाहिजे.

गच्चीवरचा
एवढं घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही गेल्या वर्षीची ओली रॉकेटं दरवर्षी दोन दिवस उन्हात वाळवतो. बरीचशी उडतात.

शाळेतला_प्रयोग
उडाली नाहीत त्यांचं काय झालं तेही सांगा. दारूतला सोरा हा क्षार पाण्यात विरघळतो. ओल आत शिरली की तो जागा सोडतो, वाळताना कागदाकडे येऊन पांढरा दिसतो. दाबून भरलेली दारू फुगते, आकसते आणि तडकते. धड दारू एका तोंडाने क्रमाने जळत जाते. तडकलेली असली की आग प्रत्येक फटीत एकदम शिरते आणि नळी फुटते. ऊन ओल काढून टाकतं, तडा भरून काढत नाही. कृपा करून हे थांबवा.

गंजी_जळालेला
वर गेल्यावर ते कुठे पडणार, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आमच्याकडे खळ्यात नवा कडबा रचलेला असतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतून आलेल्या रॉकेटने माझी गंजी पेटली. दोन बैल आणि एक म्हैस, त्यांच्यासाठी उन्हाळाभर विकतची वैरण आणली. ते रॉकेट कोरं करकरीत होतं, दुरुस्त केलेलं नव्हतं. दुरुस्तीचा वाद घालण्याआधी आपल्या आजूबाजूला काय काय पेटू शकतं ते बघा. माझ्या मते गावात रॉकेट उडवूच नये. भुईचक्रं, फुलबाज्या काय कमी आहेत?

कामटी_आणि_दोरा
सिस्टर, दणक्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. खोका पुन्हा पाहिला. उरलेल्या तिन्हींच्या काड्या एकाच जागी, पत्र्याच्या पेटीखाली दबून मोडल्यात आणि खोक्याचा तोच कोपरा चेपलाय. नळ्या तिथून वीतभर लांब होत्या, पण ठामपणे सांगता येणार नाही. ही तिन्हीही बुडवतो. काल उडवलेली दोन याच ढिगातली होती, हे आता आठवून अंगावर काटा येतोय, कारण पुतण्या दहा पावलांवर उभा होता.

पण मत पूर्ण बदललं असं नाही. समोर उभं असताना पोराच्या हातून नुसती काडी मोडली, नळी कुठे आपटली नाही, तर मी अख्खी नवी कामटी बांधेन आणि पेटवायलाही मीच जाईन.

भाजलेल्यांच्या_वॉर्डातून
मी तरीही नाहीच म्हणेन. पेटवणारच असाल तर सुती कपडे घाला, चेहरा नळीवर आणू नका, उदबत्ती हातभर लांब धरा आणि पाण्याची बादली आधी भरून ठेवा. वात विझली तर अर्धा तास जवळ जाऊ नका. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. डोळ्याला लागलं तर चोळू नका, वरून स्वच्छ वाटी अलगद उपडी धरा आणि थेट दवाखाना गाठा. आणि आधीची तीन व ही तीन, सहाही रॉकेटं रात्रभर पाण्यात राहू द्या. कागद भिजून उलगडायला लागला की मगच कचऱ्यात टाका.