मदत हवी आहे: मायलोमासाठी पुण्यातले चांगले हिमॅटॉलॉजिस्ट

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंना (वय ६७) मल्टिपल मायलोमाचं (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निदान झालंय. कंबरदुखी म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे उपचार चालू होते. हिमोग्लोबिन ८ वर आलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, तेव्हा प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी केली आणि एम-बँड (मायलोमात दिसणारं असामान्य प्रोटीन) निघाला. बोन मॅरो बायोप्सीही झाली आहे. किडनीला त्रास नको म्हणून पेनकिलर बंद केल्यात, त्यामुळे रात्री कूस बदलतानाही कण्हतात. बघवत नाही.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाची इंजेक्शनं बहुधा दर आठवड्याला घ्यावी लागतील, म्हणून दीनानाथ हॉस्पिटल सोयीचं पडेल. पण डॉक्टर चांगले असतील तर रुबी, जहांगीरलाही नेऊ. रक्ताच्या कॅन्सरचेच तज्ज्ञ हवेत, आणि शक्यतो मराठीत नीट समजावून सांगणारे. आईंना सगळं स्वतः विचारायचं असतं, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

कुणाच्या घरी मायलोमाचे उपचार झाले असतील तर कृपया सांगा. या वयात स्टेम सेल ट्रान्सप्लांट सुचवलं होतं का? लेनालिडोमाइड हे मायलोमाचं औषध कुठे स्वस्त मिळतं? सेकंड ओपिनियनसाठी परळला टाटामध्ये गेलेल्यांचा अनुभवही हवाय. नंबर इथे न टाकता मेसेज केलात तरी चालेल. उपचार लवकर सुरू करायचे आहेत.