गणपतीला इलेक्ट्रिक गाडीने कोकणात: न्यावी की नाही?

पिंपळपार:
पुणे ते कुडाळ, निपाणी-आजरा-आंबोलीमार्गे साधारण 380 किमी. गेल्या दिवाळीत आमची 40 युनिट बॅटरीची गाडी घेऊन गेलो होतो. कंपनी कागदावर एका चार्जमध्ये 430 किमीच्या वर रेंज सांगते, मला हायवेला एसी लावून 300 मिळतात. घरून शंभर टक्के भरून निघालो, कोल्हापुरात 22 टक्के उरली. 30 किलोवॅटच्या चार्जरवर 80 टक्के व्हायला 50 मिनिटं लागली. तेवढ्यात आमची मिसळ झाली, आईचे पाय मोकळे झाले, बाबांचा पेपर वाचून झाला. जायचा खर्च हजाराच्या आसपास. जुन्या पेट्रोल गाडीला 2600 लागायचे. आता गणपतीलाही हीच न्यायची म्हटल्यावर घरात दोन तट पडलेत. माझं मत: बिनधास्त न्यावी.

रांगेत_उभा:
दिवाळी आणि गणपती एकाच मापाने मोजू नका हो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत अख्खं पुणे-मुंबई खाली उतरतं. चार्जरच्या दोन्ही गनवर (गाडीत खुपसायच्या प्लगवर) गाड्या लागलेल्या आणि तुमच्यापुढे आणखी चार, म्हणजे पावणेदोन तास नुसतं बसून राहायचं. मग तुमची 50 मिनिटं. पुन्हा 60 किलोवॅटचं मशीन दोन गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी 30-30 वाटून देतं. पेट्रोलला पाच मिनिटं लागतात. मधुमेह असलेलं माणूस सोबत असेल तर हा जुगार मी खेळणार नाही.

पिंपळपार:
@रांगेत_उभा, सीएनजीवाले गणपतीत दोन-दोन तास रांगेत असतात, त्याला कोणी जुगार म्हणत नाही! आणि मी पहाटे चारला निघणार. आठच्या सुमाराला कोल्हापूर, तेव्हा गर्दी कमी.

रांगेत_उभा:
पहाटे चारला निघायची कल्पना फक्त तुम्हालाच सुचली आहे असं समजू नका. शिवाय सातारा-कागल रस्त्याच्या रुंदीकरणात वळणरस्ते किती, ते बघितलंय ना?

अर्धा_युनिट:
घाटाचा हिशेब मांडतो, कारण त्यावर फार थापा चालतात. माणसं-सामान धरून गाडी 1800 किलो. आंबोली ते खालचं सपाट, 600 मीटर उतार धरा. ऊर्जा होते जवळपास 3 युनिट. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातले दोनेक परत देते, म्हणजे बॅटरीचे पाच टक्के. ‘घाटात बॅटरी भरते’ म्हणणाऱ्यांनी एवढ्यावरच समाधान मानावं. येताना तेच 3 युनिट जास्तीचे जाणार. पण खरा खाऊ वेग आहे, घाट नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 110 ऐवजी 85ने चालवा, रेंजमधला फरक डोळ्यांनी दिसेल. मी नेण्याच्या बाजूने, पण उजव्या पायावर ताबा असेल तरच.

माडाची_सावली:
सगळे हायवेवरच भांडताय, गावाचं काय? आमच्या गावाक लाईट सांगान येणा नाय, नि सांगान जाणा नाय. 15 अँपिअरच्या प्लगवर 3 किलोवॅटच्या आसपास वीज ओढली तर गाडी भरायला बारा तास. त्यात पाच दिवस घरात तीस माणसं, पंप, मिक्सर, गणपतीची रोषणाई. जुन्या घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, ते आधी बिलावर बघा. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. जांभ्याच्या जमिनीत हा त्रास फार. उन्हाळ्यात आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. भाद्रपदात ते काम पाऊस करतो, एवढाच दिलासा.

पिंपळपार:
@माडाची_सावली, हा मुद्दा मला पटला. दिवाळीत काकांच्या नव्या घरी चार्ज केली होती. गणपती असतो जुन्या घरी. तिथलं अर्थिंग मी कधी बघितलेलंच नाही.

एकशेवीस_पुरे:
माझ्यामते पैशांचा मुद्दा फसवा आहे. गाडी घेताना तीन-चार लाख जास्त मोजायचे आणि वर्षातून दोनदा कोकणात जाऊन दीड-दीड हजार वाचवायचे?

पिंपळपार:
रोजचं ऑफिस 60 किमी आहे. पैसे तिथे वसूल होतात, कोकण वरकमाई.

चार्जिंग_गोगलगाय:
माझी वेगळीच तक्रार. प्रत्येक चार्जरचं वेगळं ॲप, प्रत्येकात वेगळे पैसे अडकवायचे. मागे एका हॉटेलच्या मागच्या चार्जरवर मोबाईलला रेंजच नव्हती. ओटीपी घ्यायला रस्त्यापर्यंत पळायचं आणि परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. तीनदा पळालो. बायको गाडीत बसून हसत होती. आणि कृपा करून रांग असेल तर 80 टक्क्यांवर गाडी काढा. पुढचे वीस टक्के मुंगीच्या पावलाने भरतात, तेवढ्यात मागच्याचं निम्मं काम होतं. शंभर होईपर्यंत थाळी खात बसणारे मला मारामारी करण्याइतके नकोसे होतात.

रांगेत_उभा:
बघा, त्यांच्याच गोटातले काय म्हणतायत!

पिंपळपार:
थाळीवाल्यांबद्दल सहमत. तर ठरवलं ते असं: पुढच्या आठवड्यात गावच्या वायरमनला अर्थिंग आणि मंजूर भार बघायला सांगतो. ठीक निघालं तर गाडी न्यायची, पण चतुर्थीच्या तीन दिवस आधी. नाहीतर मेव्हण्याची डिझेल गाडी मागावी लागेल, आणि ती मागण्यापेक्षा रांग बरी.