जुन्या नाट्यगृहांत आणि गायनाच्या जागी श्रोता म्हणून जाताना कुठे बसावे, काय पाहावे?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. माझे वडील 79 वर्षांचे असून त्यांनी आयुष्यातली बहुतेक नाटके केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिली. आजही ते त्या वास्तूला ‘पॅलेस’ असेच म्हणतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आम्ही दोघे गच्चीवरून ज्वाळा पाहत होतो. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या दिवसापासून वडिलांनी एकही प्रयोग पाहिलेला नाही. कुठे जाऊ या म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असते: नाटक बघायचे तर पॅलेसलाच.

तिथला पडदा पुन्हा उघडेल तेव्हा आम्ही पहिल्या रांगेत असूच. पण तोपर्यंत त्यांना घरी बसवून ठेवणे मला पटत नाही. सांगली, मिरज, पुणे आणि जमल्यास मुंबई येथील जुन्या नाट्यगृहांत आणि गायनाच्या जागी त्यांना घेऊन जावे, अशी इच्छा आहे. कोणत्या ठिकाणी कोणता कार्यक्रम गाठावा? ते श्रवणयंत्र वापरतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत, तेव्हा तिकीट कोणत्या रांगेचे काढावे? शिवाय अशा वास्तूत तीन तास बसायचे असेल तर तिच्याकडे नेमके काय म्हणून पाहावे, हेही जाणकारांनी सांगावे.

वरुणतीर्थ यांचे उत्तर

आपल्या वडिलांच्या हट्टामागची भावना माझ्या पिढीतल्या प्रत्येक कोल्हापूरकराला कळेल. राजर्षी शाहू महाराजांनी 1913 मध्ये काम सुरू करून 1915 मध्ये हे नाट्यगृह रसिकांसाठी खुले केले आणि त्याला लागूनच खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. नाट्यगृहाच्या पाठीमागचा खुला रंगमंच त्या मैदानाकडे तोंड करून होता, म्हणजे भिंतीच्या एका बाजूला नांदी आणि दुसऱ्या बाजूला शड्डू. असा शेजार मी दुसऱ्या कोणत्याही गावात पाहिलेला नाही. आत प्रेक्षकांच्या मध्ये एकही खांब नसल्यामुळे कडेच्या खुर्चीवरूनही रंगमंच अडत नसे, ही गोष्ट आपल्या वडिलांनी शेकडो वेळा अनुभवली असेल.

केशवरावांचे नाव या वास्तूला पुढे, 1957 मध्ये मिळाले. कोल्हापुरात जन्मलेल्या या गायक-नटाने 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली, 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्वांसमवेत ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी केला आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटरही इथलेच.

माझी सूचना अशी की पहिली फेरी गावाबाहेर काढू नये. पॅलेसपासून हाकेच्या अंतरावर गायन समाज देवल क्लब आहे. तिथल्या रंगमंदिराला गोविंदराव टेंबे यांचे नाव आहे. ते ‘मानापमान’चे संगीतकार, उत्तम हार्मोनियमवादक आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचे निस्सीम चाहते होते. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या खाँसाहेबांमुळे जयपूर-अत्रौली घराण्याचे सूर या गावात इतके मुरले, की त्यांचे पुत्र भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा करत असत. देवल क्लबमध्ये एखाद्या संध्याकाळी तरुण गायकाची बैठक असेल तेव्हा वडिलांना न्यावे. ओळखीच्या रस्त्याने, ओळखीच्या गल्लीत पुन्हा एकदा पाऊल पडले की पुढचा प्रवास त्यांना जड जाणार नाही.

विंगेतला यांचे उत्तर

मी एका नाट्यसंस्थेसोबत 28 वर्षे ध्वनीचे काम करीत महाराष्ट्रभर हिंडलो, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

जुनी नाट्यगृहे ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी बांधली गेली, त्यामुळे नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचे काम भिंती, छत आणि लाकूड यांनाच करावे लागे. आवाज बंद झाल्यावर त्याची आस सभागृहात किती वेळ रेंगाळते यावर सगळे अवलंबून असते. बोलण्यासाठी ती साधारण एक सेकंद असली तर शब्द स्वच्छ कळतात. त्याहून फार वाढली तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. गाण्याला मात्र थोडी अधिक आस मानवते. मोठ्या वाद्यवृंदांसाठी बांधलेल्या पाश्चात्त्य सभागृहांत ती दोन सेकंदांच्या आसपास ठेवतात. आपल्या संगीत नाटकाला गद्य आणि पद, दोन्ही लागतात, म्हणून आपली चांगली नाट्यगृहे या दोहोंच्या मधली असतात. प्रेक्षकांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषून घेतात, त्यामुळे तेच नाट्यगृह दुपारी रिकामे असताना घुमते आणि भरल्यावर शांत होते. आम्ही दुपारच्या चाचणीत जे ठरवत असू, ते तिसऱ्या घंटेनंतर पुन्हा बदलावे लागे.

आता जागेविषयी. दोष नसलेल्या कानांसाठी बाल्कनीची पहिली रांग उत्तम, कारण छतावरून आलेला आवाज तिथे मोकळा पोहोचतो. बाल्कनीखालच्या अगदी मागच्या रांगा मात्र टाळाव्यात. बाल्कनीखालची जागा जितकी उंच आहे त्याहून अधिक खोल मागे गेली असेल, तर शेवटच्या रांगांत आवाज गुदमरतो. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. यंत्र नटाचा आवाजही मोठा करते आणि भिंतीवरून परतलेला आवाज, पंख्याची घरघर, शेजाऱ्याच्या पिशवीची कुरकुर हेही मोठे करते. म्हणून मूळ आवाज थेट कानावर येईल इतके जवळ बसणे हाच उपाय आहे. तळमजल्यावर पाचव्या ते आठव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी. तिथे पाय लांब करता येतात आणि मध्यंतरात सावकाश उठता येते. पहिल्या दोन रांगांचा आग्रह धरू नये; जुने रंगमंच उंच असल्याने तिथून नटांची पावले दिसत नाहीत आणि मान अवघडते. भिंतीलगतचे कर्णेही टाळावेत, कारण तिथे बसल्यास नट डावीकडे बोलत असतो आणि त्याचा आवाज उजवीकडून येतो.

मला स्वतःला एक गोष्ट मनापासून खटकते. आज गरज नसलेल्या ठिकाणीही आवाज मोठा करून सोडतात. एका गावातल्या छोट्या, उत्तम ध्वनी असलेल्या नाट्यगृहात आयोजकांनी लग्नाच्या मांडवाला पुरतील इतके कर्णे लावले होते आणि मी विनवूनही ते कमी केले नाहीत. त्या रात्री ऑर्गनचा भाता ओढल्याचा हलका उसासा, जो एरवी चौथ्या रांगेपर्यंत ऐकू येतो आणि पुढच्या पदाची चाहूल देतो, कुणालाच ऐकू आला नाही. तिकीट काढण्यापूर्वी आयोजकांना फोन करून ‘कार्यक्रम ध्वनिक्षेपकाशिवाय आहे का, किंवा आवाज कमी ठेवणार आहात का’ असे विचारण्यात काही गैर नाही. असे विचारणारे प्रेक्षक वाढले तर फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मिरजेचा श्रोता यांचे उत्तर

कोल्हापूरहून सकाळच्या गाडीने निघाल्यास तासाभरात मिरज येते, म्हणून वडिलांसाठी हा प्रवास सोपा आहे. येथे नाट्यगृहाआधी दर्ग्याविषयी सांगतो. ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीमखाँ चिरविश्रांती घेत आहेत आणि उरुसाच्या काळात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत तिथे बिदागीची अपेक्षा न ठेवता सेवा म्हणून गातात. तिकीट नाही, आसनक्रमांक नाही, डोक्यावर छत नाही. रात्र चढत जाते तसे गाणे खुलत जाते. रात्रभर बसणे वडिलांना झेपणार नसेल तर सुरुवातीचे दोन कलाकार ऐकून उठावे. तिथे कुणी त्याचे वाईट मानत नाही. खाली बसता येत नसल्यास घडीची खुर्ची सोबत आणून कडेला ठेवावी.

बालगंधर्वांनी 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेची पहिली भूमिका केली ती मिरजेच्या हंसप्रभा थिएटरात. आज त्या जागी बालगंधर्व नाट्यगृह उभे आहे. मूळ वास्तू राहिलेली नाही हे खरे, तरी ज्यांच्या घरात बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या गेल्या त्यांना तिथे नुसते उभे राहूनही समाधान वाटते.

सांगलीला जायचे तर 5 नोव्हेंबरच्या सुमारास जावे. 1843 मध्ये याच तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. दरवर्षी त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक सांगलीत दिले जाते आणि नाट्यमंदिरात गावोगावचे नाट्यवेडे भेटतात.

एक विनंती आहे. मिरजेला आलात तर सतारमेकर गल्लीत अर्धा तास काढावा. ज्या तंबोऱ्यांच्या सुरावर या सगळ्या बैठका उभ्या असतात ते इथे बनतात, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मंगळवेढा-पंढरपूर भागातून आलेले भोपळे दुकानात टांगलेले दिसतील. कारागीर तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढत असेल तर थांबून ऐकावे.

गिरगावात स्थायिक यांचे उत्तर

मिरजकरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु जी वास्तू उरलेली नाही तिच्या जागी उभे राहण्यापेक्षा जी वाचवली गेली तिच्यात बसून प्रयोग पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. म्हणून मुंबईचा बेत रद्द करू नये. रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. पुढे बराच काळ तिथे चित्रपट दाखवले जात; 1993 मध्ये ते बंद पडले आणि अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा उघडले. पावणेसहाशेच्या आसपास आसने, दोन्ही बाजूंना सोनेरी नक्षीचे सज्जे आणि वर रंगवलेला घुमट, असे ते रूप आहे. जळालेल्या नाट्यगृहाचे दुःख मनात असलेल्या माणसाने, तेवीस वर्षे बंद राहिलेल्या रंगमंचावर पडदा वर जाताना पाहावा, असे मला फार वाटते. मात्र तिथे केवळ इमारत पाहायला जाऊ नये. नाटकाचे किंवा गाण्याचे तिकीट काढावे, अर्धा तास आधी पोहोचावे आणि दिवे असेतोवर छत व सज्जे निरखून घ्यावेत. भ्रमणध्वनीवर चित्रे काढायची ती तेवढ्या वेळात.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर त्या मानाने अलीकडचे, 1968 चे. त्याची कोनशिला 1962 मध्ये स्वतः बालगंधर्वांनी बसवली, पण उद्घाटनाच्या आदल्या वर्षीच ते निवर्तले. चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रे तिथे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. मध्यंतरात सगळे बटाटेवड्याच्या रांगेकडे धावतात, तेव्हा त्या चित्रांसमोर निवांत उभे राहता येते.

पंचगंगाकाठ यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवल क्लबच्या सूचनेप्रमाणे सुरुवात केली. वडील दीड तास बसले, आणि परतताना पॅलेसच्या बंद फाटकासमोर त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. तिथे ते काही बोलले नाहीत. पण मुंबईचे तिकीट किती असते, हे त्यांनी घरी आल्यावर आपणहून विचारले.

मागच्या रविवारी मिरज झाली. सतारमेकर गल्लीत एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहत होते. धागा केसभर पुढे गेला आणि तोवर मुकी वाटणारी तार एकदम उमलून गुंजू लागली. वडिलांनी त्यांना तो धागा काढून पुन्हा लावायला सांगितले, श्रवणयंत्राचा आवाज एक घर कमी केला आणि तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकले. विंगेतला यांनी लिहिलेला ऑर्गनच्या उसाशाचा परिच्छेद मी त्यांना तिथेच वाचून दाखवला. पॅलेसला तो पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येत असे, एवढी दुरुस्ती त्यांनी आवर्जून कळवायला सांगितली आहे.

येत्या शनिवारी सांगलीला एका संगीत नाटकाचा प्रयोग आहे. तिकीट खिडकीवर वडिलांनी स्वतः प्लॅनवर बोट ठेवून सहाव्या रांगेतल्या, मधल्या वाटेच्या कडेच्या दोन खुर्च्या निवडल्या. प्रयोग उशिरा सुटून परतीची एस.टी. चुकली तर सांगलीत आत्याकडे मुक्काम करू. रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तळमजल्यावर पोहोचण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे गिरगावात स्थायिक यांनी कळवल्यास महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण करून टाकतो.